घडीमावशींचा पिवळा दोरा

माझं इंग्रजीतलं पहिलं पान वाचून घडीमावशींनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"पाणी कशाला? मला तहान नाही," मी म्हटलं.

"तहानेसाठी नाही गं. उचकी लागलीय तुला. पी."

पान असं होतं: मी सकाळी येते. मी कपडे उचलते. मी कपडे भिजवते. मी दुपारी जेवते. मी संध्याकाळी घरी जाते. सगळं इंग्रजीत, एकही चूक नाही. दोन दिवस खपून लिहिलेलं ते पान वाचून ही बाई मला पाणी पाजत होती. मला राग आला. मला राग यायला वेळ लागत नाही, त्याबद्दल मला लाजही नाही, आणि म्हणूनच मावशींनी माझं नाव ठसकेबाई ठेवलं होतं. पाणी मी प्यायले नाही. पान मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहून आणलं.

हे चाललं होतं एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीमध्ये. वर पाच मजले रुग्णांचे, खाली एक मजला त्यांच्या चादरींचा. प्रत्येक मजल्यावरून एक पत्र्याचं नळकांडं खाली यायचं, त्यातून मळके कपडे धपकन आमच्या पुढ्यात पडायचे. त्याला आम्ही घसरगुंडी म्हणायचो. छतावरून गरम पाण्याचे पाइप गेलेले, खिडकी एकही नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस हे आम्हाला वरून येणाऱ्या माणसाच्या चपलांवरून कळायचं. मी ब्लीचच्या हौदावर होते. एकोणीस वर्षं.

घडीमावशी आमच्या मुकादम. कागदोपत्री त्यांना नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कोणाच्या तोंडी यायचं. घडीच्या टेबलावर त्या उभ्या राहिल्या की बघत राहावं. पलंगाएवढी चादर, दोन टोकं त्यांच्या हातात, दोन समोरच्या बाईच्या, चार हालचाली, आणि कोपऱ्यावर कोपरा असा बसायचा की मधून कागद जाऊ नये. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, कॉलरमध्ये कायम दोरा ओवलेली सुई. ती सुई आम्हा सगळ्यांच्याच कॉलरमध्ये असायची. कुठे चादर उसवलेली दिसली की जागच्या जागी टाका घालायचा, हा मावशींचा कायदा.

मुकादम होण्याआधी, लाँड्रीत येण्याआधीही, त्या एका छापखान्यात बांधणी खात्यात होत्या. सातवीनंतर शाळा सुटली आणि सोळाव्या वर्षी त्या तिथे लागल्या. मोठ्या छापील तावाला घड्या घालायच्या, एका तावाची सोळा पानं व्हायची, मग ती दोऱ्यानं शिवायची. एकेका बाईला एकेक ताव वाटून दिलेला. मावशींच्या वाट्याला पाचवा. म्हणजे पुस्तक कुठलंही असो, त्यांच्या हाताखालून पासष्ट ते ऐंशी एवढीच पानं जायची. यंत्र थांबलं की त्या ती वाचायच्या. तिथे एक म्हातारे मुद्रितशोधक होते, ते दिवसाला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायचे. दुसरा विचारला की अंगावर यायचे. अशी अकरा वर्षं. शेकडो इंग्रजी पुस्तकं वाचली बाईनं, पण एकाचीही सुरुवात माहीत नाही आणि एकाचाही शेवट माहीत नाही.

"वाईट नाही वाटायचं?" मी एकदा विचारलं.

"पहिलं पान सगळेच सजवतात गं, आणि शेवटचंही. पासष्टाव्या पानावर लिहिणारा दमलेला असतो. तिथे कळतं त्याला येतं की नाही."

छापखान्यात घड्या घालणारं यंत्र आलं आणि बायका घरी गेल्या. मावशी सत्ताविसाव्या वर्षी कागदावरून कापडावर आल्या.

आता माझ्या गरजेचं सांगते. ब्लीचनं माझे हात खाल्ले होते. हातमोजे मिळायचे, पण दोन दिवसांत बोटांपाशी फाटायचे. तळव्यांना भेगा, बोटांच्या पेरांवर कातडीच राहिलेली नव्हती, भाजी चिरताना मीठ-लिंबू लागलं की जीव जायचा. वरच्या मजल्यावरच्या कातडीच्या डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि सरळ सांगितलं, "हौद सोडा. नाहीतर वर्षभरात या हातांनी कपबशीही धरता येणार नाही." हौद सोडून जाणार कुठे? आमच्यासारख्यांना वर जायची एकच वाट होती. वर्षातून एकदा हॉस्पिटल आतली परीक्षा घ्यायचं, पास होणाऱ्याला वॉर्डातल्या टेबलावर लेखनिकाची जागा. परीक्षेत एक तासाचा इंग्रजी निबंध. त्यातच आम्ही सगळे आपटायचो. मी दोनदा आपटले होते. पंचेचाळिशीनंतर बसता येत नव्हतं आणि मला चव्वेचाळीस पुरी होऊन चार महिने झाले होते. एकच खेप उरली होती. म्हणून मी नाक मुठीत धरून मावशींकडे गेले, आणि त्यांनी मला पाणी दिलं.

वर्ग भरायचा दुपारी सव्वादोनला. त्या वेळी सकाळचा सगळा माल ड्रायरमध्ये जायचा, ड्रायर पंचेचाळीस मिनिटं घ्यायचा, तोवर हात रिकामे. खुर्च्या नव्हत्या. घडीच्या टेबलाभोवती उभं राहून लिहायचं. त्या वर्षी आम्ही तिघं होतो. मी, ड्रायरवाले दादा आणि शिवणयंत्रावरची एक तरुण बाई, जिला सगळे शिवणताई म्हणत. दादांना प्रश्न विचारायची फार हौस. त्यांचा निबंध म्हणजे चौकशीच असायची. रुग्णालय म्हणजे काय? ते कशासाठी असते? ते नसते तर आपण काय केले असते? उत्तर कुठेच नाही. शिवणताईला कुणीतरी 'सडनली' हा शब्द शिकवला होता. तिच्या निबंधात अचानक सूर्य उगवायचा, अचानक चादरी वाळायच्या, अचानक बस यायची. मावशी म्हणायच्या, "पोरी, आणखी एकदा अचानक काही झालं तर मला वरच्या मजल्यावर भरती करावं लागेल."

शिकवायची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. हॉस्पिटलच्या कपड्यांना वॉर्डाप्रमाणे रंगीत दोऱ्याची खूण असते. साध्या वॉर्डाला पांढरा, शस्त्रक्रियेला तांबडा, मुलांच्या वॉर्डाला हिरवा. मावशींनी तेच दोरे घेतले. पान लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात एक टाका घालायचा. छोट्या वाक्याला पांढरा. आणि, पण, कारण, जेव्हा असं जोडत गेलेल्या लांब वाक्याला तांबडा. प्रश्नाला हिरवा. मग मावशी चष्मा कपाळावर सरकवून समासावरून नुसतं बोट फिरवायच्या आणि कडेनं बघायच्या. पान वाचायच्याही नाहीत.

"पांढरा, पांढरा, पांढरा, पांढरा. उचकी. हे बघ, सगळ्या उशांच्या खोळी एकावर एक रचल्यास. आता दोन खोळी काढ आणि त्यांची एक चादर कर."

मग मी दोन वाक्यं जोडायची, पुन्हा वाचायची, जुना टाका उसवून नवा घालायची. पुढच्या आठवड्यात सगळंच तांबडं झालं. मावशी म्हणाल्या, "आता श्वास कुठे घेऊ ते तरी सांग."

पिवळा दोरा मात्र त्यांच्या स्वतःच्या खिशात असायचा. पिवळी खूण म्हणजे साथीच्या रोगांचा वॉर्ड. ते कपडे वेगळ्या पिशवीतून येतात, वेगळे धुतले जातात. मावशींनी पिवळा दोरा ठेवला होता काम कसं झालं ते सांगणाऱ्या शब्दांसाठी. हळूच, पटकन, प्रेमानं, अचानक. क्विकली, स्लोली, ती सगळी पलटण. "साथ आहे ती," त्या म्हणायच्या. "एका वाक्याला लागली की पानभर पसरते. पानाला एक टाका मिळेल. फार तर दोन. आणि मिळेल कधी? स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असेल तर."

मी लिहिलं होतं, नर्स पटकन आली. मावशींनी विचारलं, "पटकन कशी आली? काय दिसलं तुला?" मी म्हटलं, "पळत आली. एक चप्पल जिन्यातच राहिली." "मग तेच लिही की. चप्पल जिन्यात राहिली म्हटल्यावर पटकन कशाला सांगायला लागतंय?" दोरा खिशातच राहिला.

पहिला पिवळा टाका मिळायला मला दोन महिने लागले. एकदा मी वरून कपडे आणायला गेले होते. एका खोलीत म्हातारी बाई नुकतीच गेली होती. तिला नेलं होतं आणि पलंग रिकामा होता. तिचा नवरा मळकी चादर स्वतः काढून घडी घालत होता. मी म्हटलं, राहू द्या बाबा, ती धुवायचीच आहे. त्यानं ऐकलं नाही. कोपऱ्याला कोपरा लावला, सुरकुती हातानं साफ केली आणि चादर माझ्या हातात दिली. ते मी लिहिलं. शेवटी लिहिलं, त्यानं घडी 'केअरफुली' घातली. मावशींनी ते दोनदा वाचायला लावलं. मग खिशातून पिवळा दोरा काढला, स्वतः माझ्या सुईत ओवला आणि म्हणाल्या, "घाल." मला रडू आलं. ब्लीचची वाफ डोळ्यांत गेली असं मी सगळ्यांना सांगितलं.

परीक्षेचा दिवस आला. वर सभागृहात बाकं मांडली होती. विषय होता 'माझ्या कामाची जागा'. माझं नशीबच उघडलं होतं. मी घसरगुंडीपासून सुरुवात केली. मनातल्या मनात समासावरून बोट फिरवत गेले. छोटं, छोटं, लांब, एक प्रश्न, पुन्हा छोटं. इतकं बरं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. संपवून घड्याळ पाहिलं तर दहा मिनिटं बाकी होती.

आणि मग मी जे केलं ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात. लिहून झालं होतं. सुई कॉलरला होती. रंगीत दोरे नेहमीप्रमाणे खिशात होते. हात आपोआप चालायला लागले. मी ओठांतल्या ओठांत वाचत गेले आणि उत्तरपत्रिकेच्या समासात टाके घालत गेले. मागच्या बाकावरून दादांनी पाहिलं, त्यांना वाटलं, अरे, आपण विसरलोच. त्यांनीही सुई काढली. त्यांचं बघून शिवणताईनं. पहारा देणाऱ्या कारकुनाला वाटलं आम्ही पुरवणीची पानं बांधतोय. तो बिचारा जवळ येऊन म्हणाला, "घट्ट बांधा हं, सुटतात."

चार दिवसांनी तिघांना प्रशासन अधिकाऱ्यांची नोटीस आली. उत्तरपत्रिकेवर उमेदवारानं ओळखीची कुठलीही खूण करायची नाही, केल्यास उत्तरपत्रिका रद्द आणि परीक्षेला कायमची बंदी. आणि इथे तर तीन उत्तरपत्रिकांवर रंगीबेरंगी खुणा, तिघंही लाँड्रीतले. संगनमत. तीन दिवसांत इंग्रजीत लेखी खुलासा द्या.

माझं तर गेलंच होतं, पण माझ्यामागून त्या दोघांचंही गेलं होतं. मी लगेच खुलासा लिहायला घेतला. तो खुलासा कसला, भांडणच होतं. एकोणीस वर्षं हात जाळले, दोरा दिसला म्हणून आम्ही चोर का, वर बसणाऱ्यांना खाली काय चालतं त्याचा पत्ता तरी आहे का. मावशींनी बोट फिरवलं.

"ओरडतेयस."

"मग काय ओवाळू त्यांना?"

"साहेबांना एकच गोष्ट कळायला हवी, दोरा कुठून आला. ते तुला सांगता येणार नाही. मला येईल. सरक."

आणि घडीमावशी टेबलाशी लिहायला उभ्या राहिल्या. नऊ वर्षं त्या शिकवत होत्या, पण त्यांना स्वतःसाठी लिहिताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ड्रायर थांबला, घंटा वाजली, कोणीही हललं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी पान माझ्याकडे दिलं. मूळ इंग्रजी माझ्याकडे नाही, पण मजकूर पाठ आहे:

"या तीन उत्तरपत्रिकांवरचे दोरे माझे आहेत. टाके त्यांनी घातले, शिकवले मी. गेली नऊ वर्षं मी दुपारी सव्वादोन ते तीन, ड्रायर चालू असताना, कामाच्या वेळेत लाँड्रीत इंग्रजी लिहायला शिकवते, आणि वाक्य छोटं आहे की लांब हे दिसावं म्हणून तिथे समासात टाका घालायची पद्धत आहे. हे मी जाणूनबुजून केलं. परीक्षेत त्या तिघांचे हात सवयीनं चालले. अशा खुणेवरून लिहिणारा ओळखता येईल का? माझ्या खणात अशी दोनशे पानं आहेत. नावं झाकून पाहावीत."

"मावशी, ते मधलं वाक्य काढा," मी म्हटलं. "कामाच्या वेळेत वर्ग घ्यायला बंदी आहे. तुमचं मुकादमपण जाईल. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमच्या."

"वाक्य चुकीचं आहे का?"

"चुकीचं नाही. पण..."

"मग सुई दे."

त्यांनी स्वतःच्या पत्राच्या समासात टाके घातले. पांढरा, पांढरा, तांबडा. 'जाणूनबुजून' या शब्दासमोर त्यांनी खिशातला पिवळा दोरा काढला. पत्रात पिवळा टाका तेवढा एकच होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं साहेबांच्या खोलीत उभे होतो. साहेब वाळक्या लाकडासारखा माणूस, पण बेइमान नव्हता. त्यांनी पत्र वाचलं. समासावरून अंगठा फिरवला. मग मावशींच्या खणातली पानं मागवली, नावं झाकली आणि त्यात आमच्या उत्तरपत्रिकाही मिसळून खरोखरच अर्धा तास बघत बसले. कोणतं कोणाचं, त्यांना एकही सांगता येईना. अचानक सूर्य उगवलेलं पान त्यांनी दादांचं म्हणून बाजूला काढलं, तेव्हा शिवणताईला हसू आवरेना.

"हा पिवळा कशाचा?" त्यांनी पत्रावर बोट ठेवून विचारलं.

मावशींनी शब्द सांगितला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "बाई, हा एक शब्द बदला. नजरचुकीनं झालं असं लिहा. मग मी तुमच्यावर काही न करता हे प्रकरण मिटवू शकतो."

मी मावशींकडे पाहिलं. मनात म्हटलं, लिहा, लिहा, देव भलं करो या माणसाचं.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "नऊ वर्षं रोज सव्वादोन वाजता नजर कशी चुकेल?"

साहेबांनी पत्र पुन्हा उचललं.

"आणि माझंच वाक्य खोटं असेल, तर या तिघांना सवय होती, लबाडी नव्हती, हे तुम्ही कशावरून मानायचं? ते मी सांगतेय म्हणूनच ना?"

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. उत्तरपत्रिका रद्द, पण बंदी नाही. आठवड्यानं साहेबांच्या खोलीतच नवा पेपर. दारात तिघांच्याही कॉलरमधल्या सुया काढून घेतल्या. वर्ग बंद. आणि मावशींना लेखी ताकीद, मुकादमपदावरून खाली. शेवटचे चौदा महिने त्या घडीच्या टेबलावर साध्या कामगार म्हणून उभ्या राहणार होत्या, त्यांनीच शिकवून तयार केलेल्या एका पोराच्या हुकमाखाली.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं. सरळच म्हटलं, कारण खरंच होतं.

"तुझ्यामुळे काय? मला उभं राहायला तेच टेबल आहे. उलट हजेरीपत्रक सुटलं मानेवरचं. तू पेपरकडे बघ, ठसकेबाई."

नव्या पेपरात विषय होता 'रोज हाताळली जाणारी एक वस्तू'. मी चादर घेतली. तो म्हातारा नवरा आला, त्याची घडी आली. 'केअरफुली' हा एकच शब्द मी खर्च केला, आणि लिहून झाल्यावर हात मांड्यांखाली दाबून बसले.

मी पास झाले. शिवणताईही झाली. दादा नाही झाले. "त्यांनी मला विषय विचारला, मी त्यांना दहा प्रश्न विचारले, एकाचंही उत्तर दिलं नाही त्यांनी," असं ते हसत सांगायचे, पण पुढे आठवडाभर ते कोणाशी फारसे बोलले नाहीत.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. खिडकीजवळ टेबल, समोर वॉर्डाची वही. कोण आलं, कोण गेलं, काय दिलं, सगळं इंग्रजीत लिहायचं. चार महिन्यांत हातांवर नवी कातडी आली. मधूनमधून खाली जाऊन मावशींना भेटायचे. त्या टेबलाशी उभ्या असायच्या, नवा मुकादम त्यांना "मावशी, जरा लवकर" म्हणायचा, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मावशी म्हणायच्या, "त्याचं कामच आहे ते. बोलू दे."

चौदा महिने गेले. त्यांच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी वहीत मान घालून बसले होते, तर समोर कोणी तरी येऊन उभं राहिलं. घडीमावशी. वॉर्डातल्या माझ्या टेबलाशी त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी माझे दोन्ही हात घेतले, उलटे केले, सुलटे केले, चादरीवर डाग राहिलाय का बघायच्या तसे बघितले.

"निघाले डाग," म्हणाल्या. मग बसल्या, धाप लागली होती त्यांना. मी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "हे दिलं ऑफिसनं. वाच जरा, चष्मा खाली राहिला."

निवृत्तीचं प्रमाणपत्र होतं. छापील नमुना, सगळ्यांना तोच मिळतो. यांनी या रुग्णालयात इतकी वर्षं समाधानकारकपणे काम केलं. त्यात 'समाधानकारकपणे' या शब्दावर शाईनं आडवी रेघ मारलेली होती. बाजूला साहेबांची सही. ज्याच्या फायलीत ताकीद आहे त्याला तो शब्द द्यायचा नाही, असा नियम.

मी ताडकन उठले. "थांबा तुम्ही इथेच. मी आत्ता जाते. एकतीस वर्षं! कायम आजारी, कायम गैरहजर अशा लोकांनासुद्धा हा शब्द मिळतो. आणि तुम्हाला..."

"बस."

"मी बसणार नाही."

"वाच म्हटलं ना. रेघेखालचं सोडून वाच."

मी वाचलं. यांनी या रुग्णालयात एकतीस वर्षं काम केलं.

मावशींनी कागद हातात घेतला आणि समासावरून बोट फिरवलं, टाका नसताना. "काय चुकलंय यात? छोटं आहे, खरं आहे. आता मला सांग, तो शब्द ज्यानं छापला त्यानं मला कधी घडी घालताना बघितलं होतं का? या एकतीस वर्षांत वरचा कोणी खाली येऊन उभा राहिला का? बघितल्याशिवाय पिवळा दोरा नाही. साहेबांनी बरोबर उसवलाय. सुई आहे तुझ्याकडे?"

होती. वॉर्डात कोणाला दिसू नये म्हणून कॉलरच्या आतल्या बाजूला. पांढरा दोरा ओवून मी त्या वाक्यासमोर एक टाका घातला. नीट दिसत नव्हतं. इथे ब्लीचची वाफ नव्हती, त्यामुळे काही सांगायची सोय नव्हती.

"मी बघितलंय," मी म्हटलं. "तुम्हाला घडी घालताना. एकोणीस वर्षं बघितलंय."

मावशींनी कागदाची घडी घातली, कोपऱ्यावर कोपरा, आणि पिशवीत ठेवली. "मग तू लिही ना. पण ठसकेबाई, आधी पाणी पी. मला उचक्या आवडत नाहीत."

त्यांच्यासाठी ठेवलेला ग्लास त्यांनी माझ्याकडे सरकवला. या वेळी मी तो उचलला आणि सगळं पाणी प्यायले.